झुंबरबाईची किडनी नासकी नव्हती

धुळ्याच्या त्या दवाखान्यात झुंबरबाईने अंगठा दिला नाही. टेबलावर शाईचा डबा उघडा होता. कारकुनाने तिचा हात धरून डब्याकडे ओढला, तर तिने त्याच हाताने त्याच्यापुढची फाइल उलटी केली. कागद जमिनीवर गेले.

"पहिले वाच," ती म्हणाली. मला म्हणाली, कारकुनाला नाही.

मी कागद उचलून वाचला. मरणाच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : मूत्रपिंडाचा जुना आजार, बसवलेलं मूत्रपिंड निकामी.

"म्हंजे काय व्हस, गिरधर?"

"म्हणजे तू दिलेली किडनी खराब झाली, आणि त्यामुळे भाईदास गेला. असं लिहिलंय, अक्का."

ती गप्प झाली. झुंबरबाई गप्प झाली की माणसाने दोन पावलं मागे सरकावं हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही माहीत आहे. कारकुनाला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "बाई, रडायचं ते बाहेर जाऊन रडा, मागे लाइन आहे."

"मनी किडनी खराब नही व्हती," झुंबरबाई म्हणाली. "त्याले ताप उना व्हता. ताप लिख."

आमचं बोलणं अहिराणीतलं. माझी वाक्यं मी इथे सुधारून लिहितो, तिची नाही. तिची सुधारता येत नाहीत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर नगरपालिका म्हणेल गिरधरने बदनामी केली, आणि बदनामीच करायची असती तर मी एवढ्या थोडक्यात आटोपलं नसतं. दोंडाईच्याहून एसटीने पाऊण तास, एवढं पुरे. दवाखान्याचंही नाव लिहीत नाही. साल सत्त्याण्णव, ऑक्टोबरचा पहिला आठवडा.

झुंबरबाई आमच्याच गल्लीतली लेक. माझ्या सायकलीच्या दुकानाला लागून तिच्या बापाचं घर. ती आठ वर्षांची असताना तिचा भाऊ भाईदास जन्मला आणि तिसऱ्या वर्षी आई गेली, तेव्हापासून भाईदासला कडेवर तिनेच वागवलं. लग्न होऊन दोंडाईच्याकडच्या एका खेड्यात गेली. नवरा अभिमन, चार एकर कोरडवाहू, मुलं नाहीत. ती मार्केटात मिरचीचे देठ खुडायला बसायची. मिरचीच्या ढिगात दिवसभर बसून तिला शिंक येत नव्हती. नव्या बायका तोंडाला फडकी बांधून शिंकत बसायच्या आणि ही त्यांना हसायची. व्यापारी तिला घाबरत, कारण वजनात मारायला लागला की ही उभी राहायची आणि उभी राहिली की बाकीच्या तीस बायका उभ्या राहायच्या. संघटना कशी बांधायची ते मी पुस्तकातून शिकलो. तिला कोणी शिकवलं नाही.

भाईदास अगदी उलटा. मऊ माणूस. नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचा, जमिनीतला व्हॉल्व्ह उघडायचा आणि नळाला पाणी यायचं. आठ दिवसांतून एकदा. उन्हाळ्यात दहा दिवसांतून. लोक त्याला शिव्या द्यायचे, जसं काही धरणच त्याच्या खिशात होतं. तो हसून म्हणायचा, "माझ्या हातात फक्त चावी आहे, भाऊ."

चौऱ्याण्णव साली त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. पाय सुजले, तोंडाला वास यायला लागला, जेवण जाईना. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणाची तरी किडनी बसवावी लागेल. बायको लताबाई तयार होती, पण तिचं रक्त जुळलं नाही. झुंबरबाईचं जुळलं. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणीचं इतकं चांगलं जुळणं नशिबाने मिळतं.

मग सासरी भांडण पेटलं. अभिमन वाईट माणूस नाही, पण त्याच्या भावांनी त्याचे कान भरले. मी तिथे होतो. सगळा भाऊबंद ओसरीवर बसला होता, आणि अभिमन खाली बघत म्हणाला, "लगीन व्हयनं तैपासून तुनं आंग आमना घरनं शे. घरनी वस्तू माहेरले कशी देवानी?"

झुंबरबाई म्हणाली, "मंग तुमनी द्या. ती बी घरमानीच शे."

अभिमनचा मोठा भाऊ तंबाखू थुंकायचं निमित्त करून उठून गेला. पंधरा दिवसांनी ती मुंबईला गेली.

ऑपरेशन झालं पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत. किडनी बसवून रक्त सोडलं आणि तिथेच, डॉक्टर टाके घालत असतानाच, तिच्यातून लघवी सुरू झाली. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः झुंबरबाईच्या खाटेपाशी येऊन सांगितलं, बाई, फार चांगली किडनी दिलीत. हे तिने दोंडाईच्याच्या मिरची मार्केटात कितीदा सांगितलं असेल त्याला गणती नाही. "मनी किडनी टेबलवरच मुतनी!" व्यापाऱ्यांच्या तोंडावर सांगायची. बायका लाजून पदर तोंडाला लावायच्या. हिला कसली लाज? चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मोठ्या माणसाने तिला एकदाच चांगलं म्हटलं होतं, आणि तेही तिच्या पोटातल्या वस्तूला. ते तिने जपून ठेवलं होतं.

मुंबईहून येताना डॉक्टरांनी भाईदासला आयुष्यभराच्या गोळ्या दिल्या. का, तेही सांगितलं. आपलं शरीर परक्या वस्तूवर धावून जातं. बहिणीची असली तरी किडनी परकीच. म्हणून शरीराचा राखणदार गोळ्यांनी झोपवून ठेवायचा. पण राखणदार झोपला की चोरालाही दार उघडं. साधा ताप, साधी जखम, दुसऱ्या माणसाला चार दिवस पाडेल ती याला घेऊन जाईल. म्हणून वेगळी खोली, वेगळं भांडं, वेगळं पाणी.

झुंबरबाईने हे वाक्य शब्द न शब्द पाळलं. पाळलं, हे लक्षात ठेवा. ती महिन्यातून दहा दिवस माहेरी यायची. मागची खोली तिने स्वतः शेणाने सारवून घेतली, नंतर फरशी बसवून घेतली, कारण डॉक्टर शेण नको म्हणाले. भाईदासचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. आणि त्याच्या खाटेशेजारी, थंडाव्याला, एक रांजण कमरेपर्यंत जमिनीत पुरला. त्यातलं पाणी फक्त भाईदासचं. त्यातूनच काढून उकळायचं आणि प्यायला द्यायचं, त्यातूनच हात धुवायचे, आंघोळ करायची. पोराबाळांनी त्यात हात घालायचा नाही.

आता आमच्याकडे रांजणाची रीत अशी आहे. रांजण कधी रिता करत नाहीत. पाणी आठ दिवसांनी येतं. रिता केला आणि नळ आला नाही तर? म्हणून तळाचं पाणी तसंच ठेवतात आणि त्यावर नवं ओततात. वर्षानुवर्षं. तळाचं पाणी जुनं होतं, निवळ होतं, आणि जितकं निवळ तितकं चांगलं असं सगळे मानतात. त्यात कधी कधी बारीक किडे वळवळतात. ते फडक्यातून गाळून घेतात. आमच्या बोअरचं पाणी खारट, त्यात काही जगत नाही. म्हणून बाया म्हणतात, आणि झुंबरबाईही म्हणायची, "खारा पानीमा किडा व्हतस का? किडा शे म्हंजे पानी गोड शे." मीही हेच म्हणायचो. माझी आईही म्हणायची. यात कुणी अडाणी नव्हतं. हे आम्हाला खारट पाण्याने शिकवलं होतं.

ऑगस्टच्या अखेरीस तोताराम आला. तोताराम म्हणजे मलेरियावाला. रोजंदारीवर, खाकी सदरा, हातात बॅटरी आणि खडू. घरात शिरायचं, पाण्यात बॅटरी मारायची, दाराच्या चौकटीवर खडूने तारीख लिहायची. त्याने भाईदासच्या खोलीतल्या रांजणात बॅटरी मारली आणि म्हणाला, "हा रिकामा करा. घासून एक दिवस कोरडा ठेवा. आठवड्याला एकदा."

झुंबरबाई त्या दिवशी तिथेच होती. ती म्हणाली, "आठ दिनमा एकदाव पानी येस, आनि हाऊ म्हनस फेकी द्या! याना बापनी देयेल शे का पानी?"

भाईदास नगरपालिकेचाच माणूस, त्याला संकोच वाटला. तो म्हणाला, "तोताराम, पुढच्या आठवड्यात बघू." आणि मी दुकानातून उठून गेलो. तेव्हा आमचं पाण्याचं आंदोलन चालू होतं. मी त्या वेळी जे बोललो ते इथे सगळं लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं, की गटारं तुंबली आहेत, तिथे औषध मारायला तुमच्याकडे औषध नाही, आणि गरिबाच्या घरातलं पिण्याचं पाणी ओतायला येता? निघ. तो निघाला. मला वाटलं मी लोकांच्या बाजूने लढलो. गल्लीतल्या लोकांनाही तसंच वाटलं, भिकन टेलरने मला चहा पाजला.

सप्टेंबरच्या शेवटी गल्लीत ताप आला. एका घरात दोन, दुसऱ्यात तीन. एकशे तीन, एकशे चार ताप, डोळ्यांच्या खोबणीत दुखणं, हाडं कुणी मुरगळल्यासारखी. भिकनच्या दोन्ही पोरी झोपल्या. गावातला डॉक्टर प्रत्येकाला कमरेत एक इंजेक्शन आणि लाल गोळ्यांची पुडी देत होता. तो म्हणाला, हवा बदलली आहे.

भाईदासला ताप आला तो नव्याण्णवच. अंग दुखत होतं, खाल्लेलं राहत नव्हतं, पण ताप नव्याण्णव. का, ते आता मला कळतं. त्याच्या गोळ्यांनी राखणदार झोपला होता, मग आरडाओरडा कोण करणार? ताप म्हणजे राखणदाराचा आरडाओरडा. गावातल्या डॉक्टरने थर्मामीटर झटकला आणि हसला. "नव्याण्णव म्हणजे ताप नाही. तुम्ही किडनीवाले फार घाबरता."

लताबाईने सांगितलं, मुंबईच्या डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कुठलंही इंजेक्शन घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय. तो म्हणाला, "मुंबईचे डॉक्टर येणार आहेत का इथे?" आणि त्याने अंगदुखीचं तेच इंजेक्शन टोचलं, जे भिकनच्या पोरींना टोचलं होतं, गल्लीतल्या सगळ्यांना टोचलं होतं. दोन दिवस टोचलं. ते इंजेक्शन चांगल्या किडनीलाही त्रास देतं. मी नंतर जुन्या पुस्तकांच्या दुकानातून डॉक्टरकीचं एक पुस्तक आणून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. त्या माणसाने ते पुस्तक नवं असताना वाचलं असेल की नाही, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सगळे खूश झाले. चौथ्या दिवशी सकाळी भाईदासने चूळ भरली ती लाल. लघवी थांबली. झुंबरबाई दोंडाईच्याहून आली तेव्हा त्याचं पोट टम्म झालं होतं. आम्ही जीप केली आणि धुळे गाठलं.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मुंबईची फाइल पाहिली. एवढं पाहिल्यावर त्यांना दुसरं काही दिसेना. किडनी बसवलेला माणूस, लघवी बंद, म्हणजे शरीराने किडनी टाकली. त्यांनी राखणदाराला आणखी झोपवायची औषधं दुप्पट केली. जोडीला मलेरियाचं सलाइन. रक्तात मलेरिया निघाला नव्हता, तरी.

वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टरीण होती. चष्मा, अंगात सैल पांढरा कोट, चोवीस-पंचवीस वर्षांची. ती आम्हाला विचारत बसली. गल्लीत आणखी कुणाला ताप आहे? किती जणांना? कधीपासून? अंगावर पुरळ? इतके प्रश्न आधी कुणी विचारले नव्हते. ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, "सर, डेंग्यू असू शकतो. गल्लीत अकरा जणांना आहे."

ते म्हणाले, "डेंग्यू गेल्या वर्षी दिल्लीत झाला, डॉक्टर. पेपर वाचून निदान करायचं नसतं."

आम्ही तिथेच उभे होतो. आम्हाला ऐकू येत नाही असं ते धरून चालले होते. माझा हात उठणार होता. झुंबरबाईने माझा सदरा मागून धरला. ती माझ्याहून शहाणी होती, तिला भाऊ त्यांच्या हातात आहे हे कळत होतं.

त्या पोरीने मात्र गुपचूप एक काम केलं. भाईदासचं रक्त काढलं, बर्फाच्या डब्यात घातलं आणि पुण्याला विषाणूंच्या प्रयोगशाळेत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता भाईदास गेला. जाताना त्याने अक्काला हाक मारली. एकोणचाळीस वर्षांचा होता.

त्यानंतर तो कागद. झुंबरबाईने तीन तास अंगठा दिला नाही. शेवटी लताबाईच्या भावाने सही केली, कारण प्रेत घरी न्यायचं होतं. कागद गावात आला आणि कागदावरचं गावाने वाचलं. बहिणीची किडनी निकामी. आठ दिवसांत त्याचं झालं : बहिणीने नासकी किडनी दिली.

दहाव्याला झुंबरबाई दारात आली तर लताबाई उंबऱ्यावर उभी राहिली. ही लताबाई जी दोन वर्षं अक्का अक्का करत तिच्या पायाशी बसायची. ती म्हणाली, "तुमनी नासकी किडनीनी मना कुकू पुसं. आते मना दारमा येऊ नका."

मी दुकानातून ऐकलं. पाना हातात तसाच राहिला. झुंबरबाई मागे वळली आणि माझ्या दुकानात येऊन टायरच्या ढिगावर बसली. म्हणाली, "गिरधर, तो कागद खोटा शे. तो बदली करी आन. नहीतर मना भाऊना घरनं दार माले बंद."

एवढंच होतं. तिला नुकसानभरपाई नको होती, मोर्चा नको होता, पेपरात नाव नको होतं. तिची किडनी चांगली होती, एवढं त्या सरकारी कागदावर यायला हवं होतं.

आम्ही पहिल्यांदा धुळ्याला गेलो तेव्हा कारकुनाने सांगितलं, साहेब नाहीत. दुसऱ्यांदा सांगितलं, पुण्याचा काही रिपोर्ट आलेला नाही. व्हरांड्यात ती शिकाऊ डॉक्टरीण भेटली. इकडे तिकडे बघून म्हणाली, "आलाय. परवाच आलाय. सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे. डेंग्यूच आहे." आणि मग हळूच, "माझं नाव सांगू नका." तिला परीक्षा त्यांच्याच हाताखाली द्यायची होती. मी तिचं नाव आजही लिहीत नाही.

मी दार ढकलून आत गेलो. झुंबरबाई माझ्यामागे. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, ड्रॉवर उघडा. त्यांनी आधी पोलिसांना बोलावतो म्हटलं, मग ड्रॉवर उघडला. रिपोर्ट होता. तरी ते म्हणाले, "ठीक आहे, डेंग्यूही असेल. पण मृत्यू किडनी निकामी झाल्यानेच झाला. जे आहे तेच लिहिलंय."

झुंबरबाई पुढे झाली. "मानूसले कोनी इहीरमा ढकली दिधं, तं तुम्हीन काय लिखतस? नाकमा पानी गयं?"

डॉक्टरांनी दुसरा कागद काढला. आमच्या नगरपालिकेचा. त्यात लिहिलं होतं : सदर गल्लीत पाहणी केली, डासांची उत्पत्ती निरंक. म्हणजे शून्य. "तुमचीच नगरपालिका म्हणते डास नाहीत. मग डेंग्यू कुठून आला, सांगा? रुग्णाची खोली वेगळी, स्वच्छ, फाइलमध्ये लिहिलंय. प्रयोगशाळेचंही चुकतं कधी कधी. पुरावा आणा, मी बदलतो."

त्यांना वाटलं, आता हे खेडवळ घरी जातील.

पुरावा एकाच माणसाकडे होता, आणि त्या माणसाला मी गल्लीतून हाकललं होतं. मी तोतारामच्या घरी गेलो. तो अंगणात खाटेवर बसून दाढी करत होता. मला बघून त्याने वस्तरा थांबवला नाही. "या गिरधरभाऊ. कुणाच्या घरचं पाणी ओतायचंय आज?"

मी म्हटलं, "चुकलो." हा शब्द मी आयुष्यात मोजक्या वेळा काढला आहे.

"काय म्हणालात? साबण कानात गेलाय."

"चुकलो म्हटलं, तोताराम."

मग त्याने घरात जाऊन एक वही आणली. नगरपालिकेच्या रजिस्टरात निरंकच होतं, तसं लिहायचा त्याला वरून हुकूम होता, कारण अळ्या लिहिल्या की औषध मागवावं लागतं. पण त्याची स्वतःची वही वेगळी होती. शाळेची, दोनशे पानी. त्यात घर, तारीख, भांडं, काय दिसलं, सगळं. आणि नकार दिला तर घरमालकाची सही. "उद्या कुणी म्हणालं तोताराम आलाच नाही, तर?" तो म्हणाला. ही वही दाखवली तर त्याची रोजंदारी जाणार हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. तरी तो आला. ते जे म्हणतात ना की खालचा माणूस कामचुकार असतो, त्यांनी ती वही बघावी.

तिसऱ्या खेपेला आम्ही तिघे. डॉक्टरांच्या टेबलावर वही उघडली. ती शिकाऊ डॉक्टरीणही आत होती, भिंतीला टेकून. तोतारामने शाळेतल्या पोरासारखं उभं राहून वाचलं : "भाईदास यांचे घर. मागील खोली. रांजण एक, पुरलेला. अळ्या पुष्कळ. रिकामा करण्यास सांगितले. नकार. गिरधर सायकलवाले यांनी शिवीगाळ केली." खाली भाईदासची सही.

"अळ्या म्हंजे?" झुंबरबाईने विचारलं.

मग ती पोरगीच बोलली, खाली बघत. "मावशी, पाण्यातले ते किडे. त्यांचेच डास होतात. हा डास गटारात होत नाही, चांगल्या साठवलेल्या पाण्यातच होतो. आणि दिवसा चावतो."

झुंबरबाई वहीकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही. तिने भाईदासच्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हाई त्यानी शे ना?" तोतारामने मान हलवली.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा आवाज हलका झाला होता. "म्हणजे बघा. डास तुमच्याच घरात, त्याच्याच खाटेशेजारी. सांगूनही पाणी ओतलं नाही. चूक कुणाची, तुम्हीच सांगा. आता हे कागदावर आणायचंय का तुम्हाला? विचार करा."

तो माणूस तिला घाबरवत होता. त्याला वाटलं, ही आता रडेल, पदर डोळ्याला लावून जाईल, आणि त्याचा कागद तसाच राहील. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं की आठ दिवसांनी पाणी देणारी नगरपालिका कुठे आहे या कागदावर, गावातल्या त्या डॉक्टरचं इंजेक्शन कुठे आहे, तुमची दुप्पट औषधं कुठे आहेत? पण झुंबरबाईने हात वर केला.

"हा," ती म्हणाली. "चूक मनी शे. लिखा. मना नाव लिखा, मनी चूक लिखा. पन मनी किडनी खराब व्हती, आसं लिखू नका."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मला वाटतं पहिल्यांदाच पाहिलं. मग पेन उघडलं. मी मागे उभा राहून एकेक अक्षर वाचत होतो, आणि ते थांबले की मी मोठ्याने खाकरत होतो. पुण्याच्या तपासणीनुसार डेंग्यू ताप. त्या तापामुळे बसवलेल्या मूत्रपिंडावर आघात. तापापूर्वी मूत्रपिंडाचे कार्य उत्तम. 'उत्तम' हा शब्द मी लिहायला लावला. मुंबईच्या फाइलीत तो होता, पान मी काढून समोर धरलं. कुणाची चूक हे त्यांनी लिहिलं नाही. तसा रकाना त्या कागदावर नव्हता. असता तर एका ओळीत मावला नसता.

नोव्हेंबरच्या अखेरीस, दुपारी, आम्ही गावात उतरलो. झुंबरबाई सरळ भावाच्या दारात गेली आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. लताबाई आली. झुंबरबाई मला म्हणाली, "वाच."

मी वाचलं. उत्तम हा शब्द दोनदा वाचला. मग झुंबरबाई म्हणाली, "आनि वहीमधलं बी सांग. तो डास रांजनमा व्हयना. तो रांजन मी ठेवा."

माझ्या मनात होतं की ते नको सांगूया. सांगितलं.

लताबाई चौकटीला धरून उभी होती. मग एकदम तिचा आवाज चढला. "तुम्हीन ठेवा, पन रोज भरे कोन? तुम्हीन तं वीस दिन सासरले ऱ्हातात. मी भरू. तो मलेरियावाला उना तैं मी चुल्हापान बठेल व्हतू, आयकी ऱ्हायनू, आनि उठनू नही!"

"तू काय करशी? मीच म्हंत पानी फेकू नको!"

"तुम्हीन म्हंत म्हनीसन मी आयकू? माले हात नही व्हतात?"

दोघी भांडायला लागल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा एकमेकींशी बोलत होत्या आणि बोलत होत्या ते असं, चूक माझी, नाही माझी, शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. भांडता भांडता झुंबरबाईचा एक पाय उंबऱ्याच्या आत गेला. तिच्या लक्षात आलं नाही. लताबाईच्या आलं, ती थोडी बाजूला सरकली, पण तोंड थांबवलं नाही.

मी कागदाची घडी घालत होतो, तेवढ्यात लताबाईची नजर माझ्याकडे वळली.

"आनि हाऊ! याच मानूसनी त्या तोतारामले हाकली दिधा. अख्खी गल्ली आयकत व्हती!"

"आयकत काय व्हती," झुंबरबाई म्हणाली, "मी सोता हासनू तैं."

त्या दोघींनी मग मला भर गल्लीत, भिकन टेलरच्या देखत, जे सुनावलं ते मी उभं राहून ऐकलं. माझ्याकडे नगरपालिकेवर बोलायला होतं, डॉक्टरांवर होतं, अजूनही आहे, पुष्कळ आहे, आणि ते मी बोलणारच आहे. पण त्या दारात माझी पाळी त्यांच्यानंतर होती, आणि त्यांचं लवकर संपलं नाही.